दगडी चेहऱ्याची नोकरी

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीमागे बाईंनी उभी हयात काढली, म्हणून कार्यालयात आणि गल्लीतही त्यांना खिडकीबाई म्हणत. नळ कोरडा, पाण्याला वास, शेजाऱ्याने चोरून पंप लावला, मीटर उलटं फिरतंय, काय वाटेल ते घेऊन लोक यायचे. कोणी रडायचं, कोणी फळीवर मूठ आपटायचं. एकाने तर गढूळ पाण्याची बाटली खिडकीतून आत उपडी केली होती. बाईंच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. भिजलेला कागद बाजूला सारला, कोरडा पुढे ओढला आणि विचारलं, "पत्ता?"

हा चेहरा घेऊन त्या जन्माला आल्या नव्हत्या. नोकरीच्या सुरुवातीला एका बाळंतिणीची तक्रार ऐकताना त्यांचे डोळे भरून आले. ते पाहून रांगेतल्या प्रत्येकाने आपापलं दुःख दुप्पट करून सांगितलं, आणि संध्याकाळी साहेबांनी चारचौघांत झापलं, "तुम्हाला इथे रडायला बसवलंय का?" त्या दिवसापासून बाईंनी चेहरा मिटून घेतला. आधी कार्यालयापुरता, मग येताजाताना, मग घरीही. नवरा होता तोवर गमतीने म्हणायचा, "अगं, मी तक्रार घेऊन आलेलो नाही, जेवायला आलोय." तो गेला, लेकीचं लग्न झालं, बाई निवृत्त झाल्या. चेहरा काही निवृत्त झाला नाही.

मग एके दिवशी एक तरुण डॉक्टर मॅडम त्यांचा पत्ता शोधत दारात आल्या. त्या वैद्यकीय महाविद्यालयात संशोधन करत होत्या.

"काकू, मला ओळखलंत? आमच्या प्रयोगशाळेत पाणी नव्हतं तेव्हा मी तुमच्या खिडकीवर आले होते."

"मिळालं ना पाणी?"

"पाणी मिळालं. पण तुमच्यासमोर उभं राहून मला जो घाम फुटला होता ना, तसा तोंडी परीक्षेतही फुटला नव्हता. मला तोच घाम हवाय."

बाईंना वाटलं, पोरीचं डोकं फिरलंय. पण चहा पिता पिता मॅडमनी सगळं उलगडून सांगितलं. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग असतो. तिथे पेप्टाइड नावाचे पदार्थ तयार होतात. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचाच लहानसा तुकडा, मोजक्या मण्यांची ओवलेली माळ. माणूस घाबरला की त्यातली एक माळ सुटते आणि ग्रंथींना निरोप जातो, उठा, संकट आलंय. दुसरी एक रक्तवाहिन्या आवळायला लावते. हृदय धावत सुटतं, रक्तदाब चढतो, घशाला कोरड पडते. आणि तिथेच अशीही एक माळ तयार होते, जी हे सगळं आवरतं घेते, पाठीवरून हात फिरवल्यासारखं. ती बाहेरून नाकात फवारली तर दाब कमी चढतो का, हे मॅडमना शोधायचं होतं.

"पण त्यासाठी आधी माणूस घाबरायला हवा," मॅडम म्हणाल्या, "आणि आम्ही काही कोणावर कुत्रं सोडू शकत नाही. त्याची गरजही नाही. माणसाच्या मनाला सगळ्यात जास्त काय लागतं ठाऊक आहे? चार लोकांसमोर आपली किंमत होतेय, आणि ती कमी होतेय, असं वाटणं. शरीराला त्यात आणि जिवावरच्या संकटात फारसा फरक कळत नाही."

काम सोपं होतं. येणाऱ्यांच्या नाकात फवारा मारायचा. काहींच्या फवाऱ्यात पेप्टाइड, काहींच्या फवाऱ्यात नुसतं मिठाचं पाणी, आणि कोणाच्या कशात काय हे खुद्द मॅडमनाही माहीत नाही. मग दंडाला दाब मोजायचा पट्टा आणि छातीला तारा लावून त्यांना एका खोलीत आणायचं. तिथे पांढरे कोट घातलेली दोन माणसं टेबलामागे बसलेली असतात. त्यांच्यासमोर उभं राहून पाच मिनिटं स्वतःबद्दल बोलायचं, एखाद्या कामाला मीच कसा योग्य ते पटवून द्यायचं. त्यानंतर तोंडी वजाबाकी. ही गोष्ट त्यांना जेमतेम थोडा वेळ आधी सांगतात. आणि कोट घातलेल्या दोघांनी काय करायचं? काहीच नाही. हसायचं नाही, मान हलवायची नाही, 'हं' म्हणायचं नाही. नुसतं बघायचं.

"एवढंच?" बाईंनी विचारलं.

"हे बघा, आत्तासुद्धा तुम्ही तसंच बघताय," मॅडम म्हणाल्या आणि पदराआड नव्हे, अगदी मोकळेपणाने हसल्या.

बाईंना हे काम मनापासून आवडलं. आयुष्यभर ज्या चेहऱ्याबद्दल बोलणी खाल्ली, त्याला कोणीतरी मोल देत होतं. त्यांच्या शेजारी बसायला एक निवृत्त नट होते. नाटकांतून जन्मभर शिपाई आणि पाहुणे यांच्याच भूमिका केल्यामुळे सगळे त्यांना प्रेमाने नटवर्य म्हणत. समोरचा माणूस फारच अडखळला की नटवर्यांचे डोळे पाणावायचे आणि त्यांना नाक शिंकरायचं निमित्त करावं लागायचं. बाईंचं तसं नव्हतं. समोरचा गप्प झाला की ठरलेलं वाक्य त्याच म्हणायच्या, सपाट आवाजात, "अजून वेळ आहे. बोला." आणि वजाबाकी चुकली की, "चूक. पुन्हा पहिल्यापासून."

सगळं झाल्यावर मात्र एक नियम कडक होता. थोड्या वेळाने दोघांनी कोट काढून त्या माणसाकडे जायचं, हसून बोलायचं, सांगायचं की हे सोंग होतं, तुम्ही कुठेही कमी पडला नाहीत. आणि दुसरा नियम असा, की समोर ओळखीचं माणूस आलं तर हातातलं पेन टेबलावर ठेवून मुकाट्याने बाहेर पडायचं. दुसरं कोणीतरी आत येऊन बसेल.

आता बाईंच्या जावयाबद्दल सांगायला हवं.

जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. सरळ माणूस, निर्व्यसनी, लेकीला फुलासारखं जपणारा. पण बोलायचा नाही. दर रविवारी दोघं जेवायला यायची. लेक अखंड बडबडायची आणि हा ताटात मान घालून बसायचा. "जावईबापू, भाजी वाढू?" "नको." "काम कसं चाललंय?" "बरं." चहा घेणार का म्हटलं तर "कॉफी" म्हणायचा. बाईंच्या घरात कॉफी कोणी पीत नसे, पण त्याच्यासाठी डबा आणून ठेवावा लागे आणि त्याबद्दल त्या बहिणीकडे फोनवर कुरकुरत. एकदा तर त्याने लिफ्टला 'उद्वाहन' म्हटलं होतं. तेवढ्यावर दोघी बहिणी महिनाभर हसल्या. "काय गं, तुझ्या घुम्याचं उद्वाहन कुठवर आलं?" बहीण विचारायची. घुम्या हे नाव बाईंनीच ठेवलं होतं. मनातून त्यांना वाटायचं, या माणसाला आपण पसंत नाही. आपल्याकडे येऊन बसणं हे त्याला ओझं वाटतं, आणि गर्वाने तोंड उघडत नाही.

त्या दिवशी सकाळचे दोन जण उरकले होते. तिसऱ्यासाठी दार उघडलं आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला, दंडाला पट्टा बांधलेला जावई आत आला.

बाईंचं पेन हातातच थांबलं. तोही दारातच थबकला. त्याने एकदा बाईंकडे, एकदा नटवर्यांकडे पाहिलं आणि जमिनीवरच्या पांढऱ्या खुणेवर येऊन उभा राहिला. तो तिथे कसा, हे नंतर कळलं. त्याचे वडील त्याच्याच वयात हृदयविकाराने गेले होते आणि प्रयोगात भाग घेणाऱ्यांची हृदयाची सगळी तपासणी होत होती. बायकोला काळजी नको म्हणून घरी न सांगता आला होता. सासूबाई कुठल्याशा महाविद्यालयात 'जरा मदतीला' जातात, एवढंच त्याला माहीत होतं.

पेन बाईंच्या हातात होतं. ते खाली ठेवायचं आणि उठायचं, बस, एवढंच करायचं होतं. त्यांनी ते केलं नाही. पुढे त्यांनी स्वतःला नाना कारणं दिली. उठले असते तर त्याचीच शोभा झाली असती, मॅडमची अर्धी सकाळ वाया गेली असती, पाय हललेच नाहीत. ही कारणं खोटी नव्हती. पण खरं कारण वेगळं होतं. त्यांना ऐकायचं होतं. इतकी वर्षं हा माणूस तोंडाला कुलूप लावून बसला, आता पाच मिनिटं त्याला बोलावं लागणार होतं, आणि तेही आपल्यासमोर. चोरून कोणाचं कपाट उघडायला मिळावं तसं त्यांना झालं होतं.

"सुरू करा," नटवर्य म्हणाले.

"मी..." जावई म्हणाला. "मी ल... ल... ल..."

त्याची जीभ टाळूला चिकटली. मान एका बाजूला ओढली गेली, डोळे घट्ट मिटले, ओठ थरथरले. शब्द बाहेर येईना. बाईंना आधी वाटलं, याला झटका आला. मग तो थांबला, श्वास घेतला आणि एकदम म्हणाला, "मी उद्वाहनं दुरुस्त करतो."

 एका क्षणात बाईंना सगळं कळलं. हा गर्व नव्हता. हा माणूस तोतरा होता. जो शब्द अडतो तो टाळून दुसरा धरायचा, दुसरा नसला तर गप्प बसायचं, असं करत तो त्यांच्या घरात रविवारमागून रविवार काढत आला होता.

तो पुढे बोलायचा प्रयत्न करत होता. दोन शब्द सुटायचे, तिसरा अडायचा. मग तो गप्पच झाला. बाईंकडे बघत राहिला. खोलीत फक्त पट्ट्याच्या पंपाची घरघर होती. नियमाप्रमाणे अशी शांतता लांबली की बोलायची पाळी बाईंची. नटवर्यांनी टेबलाखालून पायाने खूण केली. आणि बाईंच्या तोंडून, हजार वेळा घासून गुळगुळीत झालेल्या आवाजात, वाक्य आलं.

"अजून वेळ आहे. बोला."

जावयाने आज्ञा पाळावी तसं पुन्हा सुरू केलं. "एकदा एक आजी अडकल्या होत्या. दोन म... म... मजल्यांच्या मध्ये. वीज गेली होती. मी वरून त्यांच्याशी ब... बोलत बसलो. दार उघडेपर्यंत. घाबरू नका म्हणून. अंधारात मला बोलता येतं. कोणी बघत नसलं की य... येतं." एवढ्याला उरलेली सगळी मिनिटं लागली.

मग वजाबाकी. हजारातून सतरा वजा, उत्तरातून पुन्हा सतरा. "नऊशे त्र... त्र..." त्याचा चेहरा लालबुंद झाला. "नऊशे ऐंशी," तो म्हणाला.

त्याला उत्तर येत होतं. त्याच्या डोळ्यांत ते स्वच्छ दिसत होतं. 'त्र्याऐंशी' हा शब्द निघेना, म्हणून निघेल तो आकडा त्याने पुढे केला होता. कॉफी पुढे करायचा तसाच.

"चूक," बाई म्हणाल्या. "पुन्हा पहिल्यापासून."

"नऊशे ऐंशी."

"चूक. पुन्हा पहिल्यापासून."

असं किती वेळा झालं कोण जाणे. नटवर्य नाक शिंकरत होते. हात वर करून त्याला कधीही थांबता आलं असतं, तसं त्याला सांगितलेलं होतं. त्याने हात वर केला नाही. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा त्याच्या शर्टाची पाठ चिकटली होती. जाताना त्याने, सवयीने असेल, वाकून नमस्कार केल्यासारखी मान हलवली आणि दार हळूच ओढून घेतलं.

थोड्या वेळाने नटवर्य कोट काढून म्हणाले, "चला बाई, बिचाऱ्याला मोकळं करू."

"तुम्ही जा. माझं डोकं दुखतंय," बाई म्हणाल्या.

त्या मागच्या जिन्याने खाली उतरल्या. मधल्या वळणावर त्यांना थांबावं लागलं, इतकं हृदय धडधडत होतं. तळवे ओले, तोंडात खडूसारखी कोरड. मॅडमनी सांगितलेलं सगळं एकेक करून त्यांच्याच अंगात चाललं होतं. पण त्या वेळी त्यांना पेप्टाइड आठवलं नाही. त्यांना आठवलं ते ताट. भाजी वाढू का विचारल्यावर 'नको' म्हणणारा, आणि नंतर पानातली कोरडी पोळी तशीच गिळणारा जावई.

दुसऱ्या दिवशी मॅडम भलत्याच खुशीत होत्या. "काकू, कालच्या तिसऱ्या माणसाचा दाब बघायला हवा होतात! इतका चढ आजवर कोणाचाच नाही. आणि उतरायला किती वेळ लागला! हे मी सगळ्यांना दाखवणार आहे."

बाईंनी मान हलवली. बोलल्या नाहीत. ही त्यांची दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा ही जास्त जाणूनबुजून केलेली.

रविवार आला. लेक आणि जावई जेवायला आली. त्याने घरी काही सांगितलं नव्हतं हे लेकीच्या बडबडीवरून कळत होतं. तो नेहमीसारखाच बसला, नेहमीसारखाच जेवला. बाईंनी न विचारता त्याच्या पानात भाजी वाढली. दोनदा वाढली. त्याने वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. आपण उपकार करतोय की लाच देतोय, बाईंना कळेना. त्या पानातला भात नुसता चिवडत राहिल्या. लेक म्हणाली, "आई, आज जेवत का नाहीस? बरं नाही का?" भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं.

पुढच्या खेपेला खोलीत एक कॉलेजातली मुलगी समोर उभी राहिली. बोलता बोलता थांबली. बाईंनी "अजून वेळ आहे" म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं, उठल्या आणि थेट मॅडमच्या खोलीत गेल्या.

"तो तिसरा माणूस माझा जावई आहे."

मॅडमना आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. "आणि तुम्ही बसून राहिलात?"

"हो."

"म्हणजे तो आकडा गेला. तो अनोळखी लोकांसमोरचा ताण नव्हताच." त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. वळल्या तेव्हा त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "आकडा जाऊ दे, काकू. तुम्ही त्याला नंतर भेटलात का? सोंग होतं म्हणून सांगितलंत?"

"नाही. मी मागच्या जिन्याने गेले."

"नटवर्यांनी सांगितलं असेल, पण तुमच्यापुरता तो अजून त्याच खोलीत उभा आहे. धोक्याची घंटा वाजवली आणि ती बंद न करताच तुम्ही त्याला घरी पाठवलंत. आम्ही माणसांना मुद्दाम लाजवतो, काकू. तो हक्क आम्हाला एकाच अटीवर मिळतो, शेवटी येऊन सगळं पुसायचं. तेवढंही तुम्ही केलं नाहीत."

बाई उभ्याच होत्या. साहेबांनी पूर्वी झापलं होतं तेव्हा त्यांना अन्याय वाटला होता. या वेळी तेवढाही आधार नव्हता. मॅडमनी पांढरा कोट मागितला नाही, बाईंनीच तो घडी करून खुर्चीवर ठेवला.

जावई कुठल्या इमारतीत कामाला आहे हे त्यांनी लेकीकडून काहीतरी निमित्ताने काढून घेतलं. जुनी कचेऱ्यांची इमारत होती. लिफ्ट बंद, म्हणून सगळे मजले चढून त्या गच्चीवरच्या यंत्रघरात पोचल्या तेव्हा धाप लागली होती. आत ग्रीसचा वास, मधोमध भलंमोठं चाक, त्यावरून खाली गेलेले जाड दोर. जावई एका डब्यावर बसून काहीतरी घट्ट करत होता. त्यांना बघून तो ताडकन उठला, हात चिंधीला पुसले आणि स्वतःचा डबा पुढे सरकवला.

"जावईबापू," बाई म्हणाल्या. जिना चढताना जुळवलेलं सगळं बोलणं कुठल्या कुठे गेलं. "ते तिथलं... ते सोंग होतं. तसं बघायचं हे आमचं काम असतं. कोणीही आलं तरी. तुम्ही चुकला नव्हतात. मी उठायला हवं होतं, उठले नाही. मला... माफ करा."

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मान ओढली गेली. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. आपल्या चेहऱ्याने आत्ता कसं दिसायला हवं, तेच त्यांना समजत नव्हतं. मऊ कसं व्हायचं हे त्या विसरल्या होत्या. जितकी शरम वाटत होती तितका चेहरा घट्ट होत होता.

"तुम्ही..." तो कसाबसा म्हणाला, "तुम्ही त... तिकडे बघाल का? भ... भिंतीकडे?"

बाई भिंतीकडे तोंड करून डब्यावर बसल्या.  मग त्याचा आवाज आला, आणि तो आवाज ओळखीचा नव्हता. सावकाश होता, पण अडत नव्हता.

"ते काका आले होते नंतर. त्यांनी सांगितलं सगळं सोंग असतं म्हणून. मी म्हटलं ठीक आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, आई. खरं सांगू? मला तिथे वेगळं काही वाटलंच नाही. दारातून आत आलो, तुम्हाला बघितलं, एवढंच वाटलं, की आज रविवार नाही आणि तरी रविवार कसा."

बाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"तुम्ही घरीही तशाच बघता ना," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. एखाद्या मोटारीचा आवाज कसा येतो ते सांगावं तसं त्याने सांगितलं. "मी शनिवार संध्याकाळपासून शब्द पाठ करतो. काय विचारतील, काय म्हणायचं. चहा म्हणता येत नाही मला तुमच्यासमोर. बाकी सगळीकडे येतं, जरा अडतं पण येतं. म्हणून कॉफी म्हणतो. कॉफी मला आवडत नाही."

"तिला ठाऊक आहे?"

"आहे. मीच शपथ घातली होती, आईंना सांगू नकोस म्हणून. तुम्हाला वाटलं असतं, लेकीचं नुकसान झालं."

बाईंना वाटलं असतं. हे त्याने बरोबर ओळखलं होतं, आणि त्यावर 'नाही हो, असं कसं' असं खोटं बोलायची त्यांची छाती झाली नाही. भिंतीवर कोणीतरी जुन्या दुरुस्त्या पेन्सिलीने लिहून ठेवल्या होत्या. त्या अक्षरांवर डोळे रोवून बाई बसून राहिल्या. खिडकीमागची ती सगळी वर्षं त्यांना वाटत आलं होतं, की आपला चेहरा म्हणजे काहीच नाही, एक कोरी जागा. कोऱ्या जागेने कोणाला काय होणार? आणि इथे एक माणूस त्या कोऱ्या जागेसमोर दर आठवड्याला उभा राहत होता. त्याच्या रक्तवाहिन्या आवळत होत्या, हृदय ऊर फुटेस्तोवर धावत होतं, आणि वर तो त्यांना लेकीचा संसार सुखाचा आहे असं दाखवत कॉफी पीत होता. या प्रयोगाला ना फवारा लागला होता, ना पांढरा कोट.

"तपासणीत काय निघालं?" त्यांनी भिंतीलाच विचारलं.

"हृदय चांगलं आहे. दाब जास्त आहे. गोळी चालू करायला सांगितलीय."

हा दाब आपण किती चढवला, असं विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं. त्यांनी विचारलं नाही. त्याला उत्तर माहीत नसणार, मॅडमनाही नसणार. वडिलांकडून आलेला असेल, कामाचा असेल. थोडा रविवारचाही असेल.

लेकीला सगळं कळल्यावर मात्र तिने फोनवर आईची चांगलीच खरडपट्टी काढली. खोलीतल्या गोष्टीपेक्षा तिला दुसरीच गोष्ट जास्त लागली होती. मावशीने एकदा बोलण्याच्या भरात 'घुम्या' म्हटलं होतं, ते तिच्या लक्षात होतं. "तो तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द कधी बोलला नाही, आणि तुम्ही दोघी त्याच्या पाठीमागे..."  बाईंनी एकही सबब सांगितली नाही. त्यानंतर बरेच रविवार कोणी आलं नाही. बाई एकट्यापुरतं शिजवत आणि तेही उरत असे. बहिणीचा फोन आला की 'कामात आहे' सांगून ठेवून देत. तिला खरं सांगायचं धैर्य त्यांनी अजून गोळा केलेलं नाही.

मॅडमनी जावयाला पुन्हा बोलावून घेतलं. त्याची माफी मागायला, त्याचे आकडे प्रयोगातून काढल्याचं सांगायला, आणि दाबाची गोळी लागू पडते का बघायला. फवाऱ्यात पेप्टाइड होतं की मिठाचं पाणी, हे त्याला कोणी सांगू शकलं नाही. प्रयोग संपेपर्यंत ते कोणालाच उघडता येत नव्हतं. बाईंनी फोन करून विचारलं होतं, "मी येऊ का?"

"आत नाही," मॅडम म्हणाल्या. "हे तुमच्यासाठी नाहीये, काकू. बाहेर थांबायचं असेल तर थांबा."

बाई फाटकाबाहेर थांबल्या. तो बराच वेळाने आला. त्यांना बघून दचकला नाही, नुसता थांबला. "च... चालत जाऊ?" म्हणाला. दोघं रस्त्याच्या कडेने चालू लागली. शेजारी शेजारी, त्यामुळे कोणाला कोणाचं तोंड दिसत नव्हतं.

काही वेळाने त्याने समोरच्या एका उंच इमारतीकडे बोट दाखवलं. तिथल्या लिफ्टचं यंत्र म्हणे त्याने बसवलं होतं. तिथला रखवालदार दर वेळी त्याला स्वतःच्या मुलीच्या लग्नाची हकीकत नव्याने सांगतो. मग पुढची इमारत, मग तिची गोष्ट. मध्येच शब्द अडायचा. बाई पावलं हळू करायच्या, पण थांबायच्या नाहीत, वळून बघायच्या नाहीत, शब्द पुरवायच्या नाहीत. तो सुटला की पुढे चालायचं.

हे सगळं तो आपल्याला जड जाऊ नये म्हणून बोलतोय, हे बाईंना कळत होतं. ज्याला बोलणं इतकं महाग पडतं तो त्यांच्यासाठी ते उधळत होता. काहीतरी विचारावं, निदान 'मग काय झालं' म्हणावं, म्हणून त्यांनी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा शब्द अडला. रस्ता ओलांडताना त्याने गाडी येतेय म्हणून त्यांच्या कोपराला धरून मागे ओढलं, गाडी गेल्यावर हात सोडला आणि गोष्ट जिथे राहिली होती तिथून पुढे सांगू लागला. बाई मान खाली घालून ऐकत राहिल्या.